खिशात पैसा न घालता झालेला गैरव्यवहार : पोप्लर, बर्मिंगहॅम, वेस्टमिन्स्टर

१/ सार्वजनिक पैशाचा गैरव्यवहार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोर उभा राहतो. खोटी बिले, कागदावरच बांधलेले रस्ते, ठेकेदाराकडून घेतलेली टक्केवारी. पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासातले काही अत्यंत गाजलेले खटले असे आहेत, ज्यांतील नगरसेवकांनी स्वतःच्या खिशात एक पैसाही घातला नव्हता. तरीही न्यायालयाने त्यांना दोषी धरले, काहींना तर खर्च स्वतःच्या पदरचा भरायला सांगितले. आजचा धागा अशा तीन खटल्यांविषयी आहे आणि त्यांतून निघणाऱ्या एका अवघड प्रश्नाविषयी : गैरवापर म्हणजे नेमके काय आणि ते ठरवायचे कोणी?

२/ सुरुवात एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपासून करावी लागेल. गरिबांच्या पोषणाचा खर्च तेथे स्थानिक रहिवाशांवर बसवलेल्या 'रेट' नावाच्या करातून भागवला जाई. आपल्या घरपट्टीशी त्याचे जवळचे नाते आहे. हा पैसा खर्च करणारी मंडळे स्थानिक होती आणि त्यांच्या हिशेबांवर कोणाचाच धड वचक नव्हता. म्हणून १८४४ च्या कायद्याने जिल्हा लेखापरीक्षक नेमण्याची व्यवस्था केली. बेकायदा वाटणारा खर्च नामंजूर करायचा आणि ज्यांनी तो मंजूर केला त्यांच्याकडून ती रक्कम व्यक्तिशः वसूल करायची, असा अधिकार या लेखापरीक्षकाला मिळाला. या वसुलीला आपण 'अधिभार' म्हणू.

३/ १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात ही पद्धत अधिक रेखीव झाली. लेखापरीक्षणापूर्वी पूर्ण सात दिवस हिशेबाची प्रत कार्यालयात खुली ठेवायची. हितसंबंध असलेल्या कोणालाही ती पाहता येईल, तिच्यातून उतारे घेता येतील. लेखापरीक्षणाच्या वेळी कोणताही करदाता हजर राहू शकेल आणि हरकत घेऊ शकेल. लेखापरीक्षकाचा निर्णय मान्य नसेल, तर ज्याच्यावर अन्याय झाला असे वाटते त्याला थेट उच्च न्यायालयात दाद मागता येईल.

४/ ही रचना नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे बरेचसे नाट्य तिच्याच पायावर घडते. तिच्या तीन पायऱ्या आहेत : वही पाहणे, हरकत घेणे, न्यायालयात जाणे. सामान्य माणसाला एकदम न्यायालयात उभे करण्याऐवजी कायद्याने त्याच्या हाती आधी वही दिली. संशय आणि पुरावा यांच्यातले अंतर वहीवाचून कापता येत नाही, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना उमगले होते.

५/ मात्र कायद्याने एक गोष्ट मोकळी सोडली. चोरी म्हणजे काय हे सर्वांना कळते. पण जो खर्च सभेत रीतसर ठराव करून, अधिकाराच्या कक्षेत राहून झाला आहे, तो 'बेकायदा' केव्हा ठरतो? अधिकार आहे, पण त्याचा वापर चुकीचा आहे, असे न्यायालयाने कशाच्या आधारे म्हणायचे? हा प्रश्न ऐरणीवर आणला तो पूर्व लंडनमधील पोप्लर या गोदी कामगारांच्या वस्तीने.

६/ १९१९ च्या नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत पोप्लरच्या ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. निवडून आलेल्यांत गोदी कामगार होते, रेल्वे कामगार होते, स्त्रियाही होत्या. पोप्लर अत्यंत गरीब होते. जिथे बेकारी जास्त तिथे गरिबांना साहाय्य देण्याचा भार जास्त, आणि तो भार उचलण्याची ऐपत मात्र सर्वांत कमी, अशी लंडनच्या करव्यवस्थेची विचित्र गत होती.

७/ १९२१ मध्ये या नगरसेवकांनी लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा इत्यादी संस्थांसाठी वसूल करून द्यायचा कर आकारण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. २९ जुलै १९२१ रोजी नगरसेवक मिरवणुकीने न्यायालयात गेले. आपण उच्च न्यायालयाकडे आणि बहुधा तुरुंगाकडे निघालो आहोत, अशा आशयाचा फलक त्यांच्यापुढे होता. सप्टेंबरात ३० नगरसेवक तुरुंगात गेले. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून गरिबांच्या साहाय्याचा भार श्रीमंत व गरीब विभागांत अधिक समतोलपणे वाटला. पुढे 'पोप्लरिझम' हा शब्दच इंग्रजी राजकारणात रूढ झाला.

८/ तुरुंगाची ही कथा प्रसिद्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्या आडोशाला चाललेला दुसरा, कमी नाट्यमय झगडा. १९२० मध्ये पोप्लरने आपल्या सर्वांत खालच्या श्रेणीतील प्रौढ कर्मचाऱ्यांसाठी आठवड्याला किमान चार पौंड मजुरी ठरवली होती. पुरुषाला चार, स्त्रीलाही चार. त्या काळी समान कामासाठी स्त्रीला निम्म्याच्या आसपास मजुरी मिळणे सर्रास चाले. त्यामुळे हा ठराव आपल्या काळाच्या बराच पुढे होता.

९/ त्यानंतर महागाई झपाट्याने उतरली. इतरत्र मजुरी कापली गेली. पोप्लरने मात्र चार पौंडांना हात लावला नाही. ३१ मार्च १९२२ रोजी संपलेल्या वर्षाचे हिशेब तपासताना जिल्हा लेखापरीक्षक रॉबर्ट्स यांनी म्हटले की, बाजारभावापेक्षा इतकी जास्त दिलेली रक्कम ही मजुरी नव्हेच, ते करदात्यांच्या पैशातून दिलेले दान आहे. त्यांनी ५,००० पौंडांचा खर्च नामंजूर केला आणि तो नगरसेवकांवर अधिभार म्हणून बसवला.

१०/ नगरसेवकांच्या हाती भक्कम आधार होता. कायद्याचे शब्दच असे होते की, त्यांना 'योग्य वाटेल' तशी मजुरी त्यांनी द्यावी. आम्हाला चार पौंड योग्य वाटले, ते आम्ही उघड सभेत ठरवले, मतदारांना ते ठाऊक आहे, मग लेखापरीक्षक कोण? पहिल्या न्यायालयात ते हरले, अपील न्यायालयात जिंकले. अखेर प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे त्या काळच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आले. 'रॉबर्ट्स विरुद्ध हॉपवुड' या नावाने तो खटला कायद्याच्या इतिहासात अमर झाला आहे.

११/ १९२५ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. पाचही न्यायाधीश लेखापरीक्षकाच्या बाजूने. 'योग्य वाटेल' याचा अर्थ 'वाजवी विचारान्ती योग्य वाटेल' असा घ्यावा लागेल, नगरसेवक हे करदात्यांच्या पैशाचे विश्वस्तासारखे रक्षक आहेत, असे त्यांनी म्हटले. लॉर्ड ॲटकिन्सन तर याही पुढे गेले. समाजवादी परोपकाराच्या चमत्कारिक कल्पना आणि स्त्री-पुरुष समान वेतनाची स्त्रीवादी महत्त्वाकांक्षा यांनी नगरसेवकांना भुरळ घातली, अशा आशयाचे ताशेरे त्यांनी ओढले.

१२/ आज हा निकाल वाचताना अस्वस्थ व्हायला होते. न्यायाधीशांनी तटस्थ कायदा म्हणून जे सांगितले त्यात त्यांच्या वर्गाची आणि काळाची मते किती मिसळली होती, हे आता लपत नाही. स्त्रीला पुरुषाइतके वेतन देणे हा सार्वजनिक पैशाचा गैरवापर! तरीही निकालातील मूळ सूत्र टाकाऊ नव्हते. सत्ता हातात आहे म्हणून तिजोरी आपली होत नाही, ती दुसऱ्यांची ठेव आहे, हे ते सूत्र. चांगले सूत्र वाईट निकालातून जन्माला आले, असे म्हणता येईल.

१३/ या सूत्राचा पुढचा प्रवास बर्मिंगहॅमला झाला. तेथील महापालिकेने ७० वर्षांवरील पुरुषांना आणि ६५ वर्षांवरील स्त्रियांना आपल्या बसगाड्यांतून ठरावीक वेळांत मोफत प्रवास देण्याची योजना आखली. प्रेस्कॉट नावाच्या करदात्याने न्यायालयात दावा लावला. त्याचे म्हणणे सरळ होते : भाडे ठरवण्याचा अधिकार कायद्याने महापालिकेला दिला आहे, आवडत्या गटाला करदात्यांच्या खर्चाने भेट देण्याचा नव्हे. १९५४ मध्ये अपील न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले.

१४/ येथे दोन गोष्टी नोंदवाव्यात. एक, या वेळी लेखापरीक्षक मध्ये नव्हता, एका नागरिकाने एकट्याने एका बलाढ्य महापालिकेला न्यायालयात खेचले आणि तो जिंकला. दोन, निकालाने प्रश्न कायमचा मिटला नाही. १९५५ मध्ये संसदेने कायदा करून आधीपासून चालू असलेल्या अशा सवलतींना मान्यता दिली. न्यायालयाने 'तुम्हाला हा अधिकार नाही' असे म्हटले, लोकांच्या प्रतिनिधींनी 'मग आम्ही तो देतो' असे उत्तर दिले. सार्वजनिक पैशाच्या वादात न्यायालय हा शेवटचा शब्द असतोच असे नाही. पुष्कळदा तो संभाषणातला एक टप्पा असतो.

१५/ आता तिसरी आणि सर्वांत काळोखी कथा. मध्य लंडनमधील वेस्टमिन्स्टर. १९८६ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे बहुमत काठावर आले : ६० पैकी ३२ जागा. परिषदेच्या नेत्या शर्ली पोर्टर यांना पुढच्या, म्हणजे १९९० च्या निवडणुकीची धास्ती वाटू लागली. मग अटीतटीचे आठ प्रभाग निवडण्यात आले. परिषदेच्या मालकीची घरे रिकामी झाली की ती प्रतीक्षा यादीतील गरजू कुटुंबांना भाड्याने न देता विकायची, असे ठरले. उद्दिष्ट होते वर्षाला ५०० घरांचे, त्यांपैकी २५० या आठ प्रभागांत.

१६/ हिशेब साधा होता. भाडेकरू बहुधा मजूर पक्षाला मत देतो, घरमालक बहुधा हुजूर पक्षाला. म्हणजे मतदारांचे मन वळवण्याऐवजी मतदारच बदलायचे. केवळ त्या प्रभागांपुरती विक्री बेकायदा ठरेल, असा सल्ला वकिलाने दिला होता. तेव्हा विक्रीची योजना शहरभर पसरवण्यात आली, पण आठ प्रभागांतील उद्दिष्ट तसेच ठेवले गेले. त्याच काळात शहरातील बेघर कुटुंबे स्वस्त हॉटेलांच्या खोल्यांत दिवस काढत होती, आणि विक्रीसाठी राखलेली घरे रिकामी पडून होती.

१७/ १९८९ च्या जुलैमध्ये बीबीसीने या प्रकरणावर कार्यक्रम केला आणि काही स्थानिक मतदारांनी लेखापरीक्षकाकडे हरकत नोंदवली. येथे शब्दातला एक बदल पाहण्यासारखा आहे. १८७५ च्या कायद्यात हरकतीचा अधिकार करदात्याचा होता. ज्या १९८२ च्या कायद्याखाली ही हरकत घेतली गेली त्यात तो मतदाराचा झाला होता. तिजोरीवरचा हक्क ती भरणाऱ्याचा, ही कल्पना मागे पडून तो गावात राहणाऱ्या प्रत्येक मतदाराचा, ही कल्पना रुजली होती. पोप्लरच्या न्यायाधीशांना हा फरक दिसला नव्हता.

१८/ लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांचा अंतिम अहवाल १९९६ मध्ये आला, म्हणजे हरकतीनंतर सात वर्षांनी. त्यांनी पोर्टर यांच्यासह सहा जणांवर हेतुपुरस्सर गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि सुमारे ३ कोटी १६ लाख पौंडांचे नुकसान काढले. १९९७ मध्ये न्यायालयाने पोर्टर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वीक्स यांच्यावरील ठपका कायम केला आणि रक्कम सुमारे २ कोटी ६५ लाखांवर आणली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने दोघांनाही मोकळे केले. आणि १३ डिसेंबर २००१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने पुन्हा दोषी धरले.

१९/ 'पोर्टर विरुद्ध मॅगिल' हा निकाल पोप्लरच्या निकालाहून कितीतरी विचारी आहे. राजकारण्यांना मते हवी असतात, लोकप्रिय होणारी धोरणे ते आखतात, यात गैर काही नाही, लोकशाही अशीच चालते, हे लॉर्ड बिंगहॅम यांनी मान्य केले. पण सार्वजनिक हितासाठी दिलेला अधिकार पक्षाच्या निवडणुकीतील फायद्यासाठी वापरणे हे कायद्याला मान्य नाही. लॉर्ड स्कॉट यांनी तर स्पष्ट म्हटले की, यात आर्थिक लाभ नव्हता, निवडणूक जिंकण्याचा हेतू होता, आणि तरीही हा भ्रष्टाचारच आहे.

२०/ व्याज आणि खर्च धरून देणे चार कोटी पौंडांच्या वर गेले. २००४ मध्ये १ कोटी २३ लाख पौंडांवर तडजोड झाली. ज्या निवडणुकीसाठी हे सारे केले ती १९९० ची निवडणूक हुजूर पक्षाने मोठ्या बहुमताने जिंकली होती. अंतिम न्याय लागेपर्यंत अकरा वर्षे उलटून गेली होती. जी कुटुंबे त्या घरांत राहायला जाऊ शकली असती त्यांना निकालाने घर मिळाले नाही.

२१/ या परंपरेचे धागे आपल्याकडेही पोहोचतात. १८९७ मध्ये सोलापूर नगरपालिकेविरुद्धच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले की, नगरपालिका निधीचा गैरविनियोग करत असेल तर तिला रोखण्यासाठी करदाता दावा लावू शकतो. १९३० मध्ये मुंबई इलाख्यासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात नगरपालिकांचे हिशेब तपासणाऱ्या 'स्थानिक निधी लेखापरीक्षा' या खात्याच्या नावात तो वारसा टिकून आहे.

२२/ स्वातंत्र्यानंतर हे दार अधिक उघडले. उडुपीच्या एका रहिवाशाने निवासी भागातील चित्रपटगृहाला नगरपालिकेने दिलेल्या परवानगीला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : नगरपालिका कायद्याची चौकट मोडते तेव्हा तेथील रहिवासी गप्प बसायला बांधील नाही. १९८१ मध्ये न्यायाधीशांच्या बदल्यांच्या सुप्रसिद्ध खटल्यात न्या. भगवती यांनी 'दाद मागण्याचा हक्क कोणाला' या प्रश्नाची सविस्तर चिकित्सा करून जनहित याचिकेची वाट रुंद केली. स्थानिक करदात्याचा हा जुना हक्क त्या चिकित्सेतही विचारात घेतला गेला.

२३/ आता मूळ प्रश्नाकडे. पोप्लर आणि वेस्टमिन्स्टर या दोन्ही ठिकाणी नगरसेवकांनी स्वतःसाठी काहीच घेतले नाही. दोन्ही ठिकाणी ठराव रीतसर झाले. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने सारखेच सूत्र लावले : अधिकार ज्या हेतूने दिला त्याच हेतूने वापरा. मग पोप्लरचा निकाल आपल्याला अन्याय्य आणि वेस्टमिन्स्टरचा न्याय्य का वाटतो? केवळ आपली सहानुभूती गरिबांकडे आहे म्हणून? असे असेल तर आपणही लॉर्ड ॲटकिन्सन यांच्यासारखेच, फक्त उलट्या दिशेने, आपली आवड कायदा म्हणून मांडत आहोत.

२४/ माझ्या मते फरक दुसरीकडे आहे. पोप्लरच्या नगरसेवकांचा खरा हेतू आणि सांगितलेला हेतू एकच होता. चार पौंड का, हे ते भर सभेत सांगत होते, त्यासाठी मते मागत होते. त्यांचे चुकत असेल तर मतदार त्यांना घरी बसवू शकत होते. मतदारांनी तसे केले नाही, पोप्लरमध्ये पुढेही मजूर पक्षच निवडून येत राहिला. वेस्टमिन्स्टरमध्ये मात्र खरा हेतू लपवावा लागला, कारण तो उघड झाला असता तर योजनाच कोसळली असती. शिवाय तेथे मतपेटीचा उपायही निकामी झाला होता, कारण योजनेचा रोख मतदारसंघच बदलण्यावर होता.

२५/ म्हणून स्थानिक खर्चाकडे पाहताना एक कसोटी उपयोगी पडेल असे वाटते. या खर्चाचे खरे कारण भर सभेत, मोठ्याने, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने सांगता आले असते का? सांगता आले असते, तर तो वाद धोरणाचा आहे आणि त्याची जागा मतपेटी आहे. सांगता आले नसते, तर वही मागण्याची वेळ आली आहे, आणि गरज पडल्यास न्यायालयाची पायरी चढण्याचीही. ही कसोटी कायद्यातली नव्हे, इतिहासातून निघालेली आहे. तिच्या कडेला अनेक अवघड प्रकरणे राहतील, हेही खरे.

२६/ शेवटची एक नोंद. नगरसेवकांकडून व्यक्तिशः वसुली करण्याची अधिभाराची जुनी शिक्षा इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने बंद करण्यात आली. पण हिशेब पाहण्याचा आणि हरकत घेण्याचा मतदाराचा अधिकार तेथे आजही कायम आहे. शिक्षा बदलली, वही उघडी राहिली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या सात दिवसांत एखादा दुकानदार किंवा सुतार नगरमंडळाच्या कचेरीत जाऊन आकडे उतरवून घेत असेल, तेव्हा तो जे करत होता त्याचेच लांबलेले टोक २००१ चा तो निकाल आहे. आपल्या नगरपालिकेचा शेवटचा लेखापरीक्षा अहवाल आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? धागा येथे संपतो. प्रश्न आपल्यापाशी ठेवून जातो.